दीड वाजताची फरशी

ही मी तरुण असतानाची गोष्ट आहे. म्हणजे बासष्ट वर्षांची असतानाची. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडे मागे वळून बघते तेव्हा तिची वेणी धरून ओढावीशी वाटते. बासष्ट हे काय वय असतं? गुडघे आपलं ऐकतात, दात बरेचसे आपलेच असतात, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री असते.

हे गेले त्याला सात महिने झाले होते. सुनेचं पहिलं बाळंतपण, म्हणून मुलाने मला पुण्याहून सिंगापूरला आणलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, सून हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात. दोघांनी नुकताच बुकित पंजांगला एका कॉन्डोत अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, कुणीतरी राहून गेलेला. मला मागच्या बाजूची, पश्चिमेची खोली मिळाली. खिडकीतून खाली एलआरटी या छोट्या मेट्रोचा रूळ दिसायचा. त्या गाडीला चालक नसतो. पहिल्या दिवशी ती रिकामी गाडी आपली आपण वळण घेऊन गेली, तेव्हा मी खिडकीत उभी राहून तिला हात जोडले होते. अशी मी.

या खोलीची फरशी हॉलच्या फरशीपेक्षा बोटभर उंच होती. दारात दिवसातून तीनदा माझा अंगठा ठेचकाळायचा. मुलगा म्हणाला, "जुन्या फरशीवरच दुसरी बसवली असेल, आई. तू चपला घालत जा ना घरात." मी कसली घालते! जन्मभर घरात अनवाणी वावरले. सून बाळंतीण, तिच्या पायांत मोजे आणि मोज्यांवर सपाता. मुलाच्याही सपाता. घरात जमिनीला पाय लागायचे ते एकटे माझे.

नात तीन महिन्यांची झाली तेव्हा एका सोमवारी सकाळी असा पाऊस आला, असा वारा आला, की समोरची इमारत दिसेनाशी झाली. मुलगा नुकताच ऑफिसला निघाला होता. सून न्हाणीघरात बाळाला आंघोळ घालत होती. वीज कडाडली आणि घरातले सगळे दिवे गेले. मी मुलाला फोन केला. तो स्टेशनवर अडकलेला.

"आई, दाराजवळ पांढरी पेटी आहे बघ भिंतीत. उघड. त्यातले जे जे खटके खाली असतील ते सगळे वर कर."

मी खुर्चीवर चढले आणि सगळे वर केले. नेटकेपणाची मला हौस. एकही खाली ठेवला नाही.

त्याच दिवशी दुपारी जेवणं झाली. सून पुढच्या खोलीत एसी लावून बाळाला घेऊन झोपली. मी माझ्या खोलीत, पलंगाच्या डाव्या बाजूला, जमिनीवर चवळीच्या शेंगा मोडत बसले. आणि मला मांडीखाली ऊब लागली.

उन्हाची नव्हती. उन्हाने फरशी वरून तापते आणि खिडकीशी जास्त तापते. ही आतून येत होती, हळूहळू, जसं अंग तापावं तशी. कुणीतरी तिथे बराच वेळ पडून नुकतंच उठून गेलं तर जागा जशी राहते, तशी. मी हाताने चाचपत गेले. इथे गरम, इथे गरम, आणि इथे एकदम गार. एक माणूस आडवा पडेल एवढीच जागा गरम होती.

घड्याळात बघितलं. दीड वाजून गेला होता.

आता हे सांगायला हवं. पस्तीस वर्षं आमचे हे दुपारी दीड वाजता जेवून जमिनीवर आडवे व्हायचे. उशी नाही, काही नाही, डावा हात डोक्याखाली. साडेतीनला उठायचे. ते उठले की मी माझा चहा घेऊन त्याच जागेवर बसायची. पाठ टेकायला भिंत असायची आणि बसायला त्यांची ऊब. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, त्यांनाही नाही. लग्नाच्या बायकोने अशा गोष्टी सांगायच्या नसतात, असं त्या तरुण बाईला वाटायचं.

शेंगा तशाच टाकून मी बसून राहिले. साडेतीनच्या सुमाराला ऊब ओसरायला लागली. चारपर्यंत फरशी फरशीसारखी झाली.

मंगळवारी पुन्हा दीड वाजता. बुधवारी पुन्हा. घाबरले का? नाही. लाज वाटते सांगायला, पण मी नटायला लागले. दुपारी सव्वा वाजता केस विंचरायचे, साडी नीट करायची. जायच्या दिवशी हे दवाखान्यात मला म्हणाले होते, "पाय गार पडलेत गं." मी म्हटलं होतं, "एसी आहे तो, दुसरं काय," आणि खाली चहा प्यायला गेले होते. वर आले तेव्हा ते नव्हते. तेव्हापासून ते एक वाक्य मी बाळगून होते. आता मला वाटलं, सांगायला आलेत. आता गार वाटत नाही म्हणून.

मग मी बोलायला लागले. मोठ्याने नाही, पण ओठ हलवून. आमटी कशी झाली, पोरगी कुणावर गेली, सूनबाई बोलते कमी पण मनाची चांगली आहे. शनिवारी फरशी गार. रविवारी गार. मी दोन्ही दिवस ती जागा चाचपत राहिले, आणि मग एकदम हसू आलं. शनिवार-रविवार हे क्लबात पत्ते खेळायला जायचे. मेल्यावरही चुकवत नाहीत! सोमवारी दीडला पुन्हा हजर.

आणि त्या दुसऱ्या आठवड्यात मी एक गोष्ट केली. सून न्हायला गेली होती, बाळ माझ्याकडे होतं. मी दुपटं अंथरलं आणि बाळाला त्या जागेवर निजवलं. आजोबांनी नात बघितली नव्हती ना. पोर अशी झोपली की कधी झोपली नव्हती. दहा मिनिटांनी उचलली तर पाठ घामाने ओली, गाल लालबुंद. मी पाठ पुसली, झबलं बदललं, आणि सुनेला म्हटलं, "दूध ओकली जराशी." एवढं सहज खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

पुढच्याच दिवशी सुनेने मला पकडलं. मी फरशीला सांगत होते, "आज भाजीत मीठ जास्त पडलंय, मुलाला सांगू नका."

"आई, कुणाशी बोलताय?"

दारात उभी होती, बाळ खांद्यावर. मी म्हणायला हवं होतं, भाजीशी. देवाशी. पण त्या बाईला आपला मान मिरवायचा होता. म्हणाले, "ये, हात लाव इथे. बाबा येतात रोज."

ती दोन पावलं आत आली, वाकली, आणि दाराजवळच्या फरशीला हात लावला. "गारच आहे, आई," असं अगदी हळू म्हणाली. मी तिला अगं तिथे नाही, इथे, असं म्हणाले का? नाही म्हणाले. मला उलट बरंच वाटलं. म्हटलं, हिला नाही कळत. मलाच कळतात.

शनिवारी मुलगा माझ्या खोलीत येऊन मांडी घालून बसला. दीड ते दोन, अर्धा तास, तळहात जमिनीला लावून. एवढा वेळ तो माझ्याजवळ कित्येक वर्षांत बसला नव्हता.

"आई, काही नाहीये गं."

"आज कसं असेल? शनिवार ना. आज पत्ते असतात."

त्याच्या तोंडावरचा रंग उडाला तो मला अजून दिसतो. मी मात्र त्याच्याकडे बघून हसत होते, शाळेत उत्तर बरोबर आल्यासारखी.

मुलाने मला नोव्हेना भागातल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. खोलीत इतका एसी की माझेच दात वाजत होते. डॉक्टरबाई तरुण, गोड. तिने नसा तपासायला माझ्या पायाच्या अंगठ्याला एक लोखंडी चिमटा वाजवून लावला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ते मी फडाफड केले. मग म्हणाली, कागदावर घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मी गोल काढला, बाराही आकडे जागच्या जागी लिहिले, आणि काटे लावले. बघते तो दीड वाजलेला.

डॉक्टरबाईने कागद शांतपणे फायलीत ठेवला. मला म्हणाली, साखर थोडी जास्त आहे, त्याने पायांच्या नसा जळजळतात, गरम नसलं तरी गरम वाटतं. मग मुलाला बाजूला घेऊन बोलली. मी बहिरी नव्हते. दुःखात असं होतं, सहा आठवड्यांनी पुन्हा बघू, तोवर तान्ह्या बाळाला त्यांच्या एकटीवर सोपवू नका.

सुनेची रजा दोन आठवड्यांत संपत होती. सगळं ठरलं होतं ते हेच, की ती ऑफिसला जाईल आणि बाळ माझ्याजवळ राहील. त्यासाठीच तर मी आले होते. त्या संध्याकाळी मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दोघं बोलत होती.

"इन्फंट केअरच्या पाळणाघरात नाव घातलंय मी," सून म्हणाली. "जागा झाली की कळवतील."

"आणि आई?"

"तूच सांग."

"मावशी म्हणते, पुण्याला पाठव थोडे दिवस. ती जाऊन येऊन असेल."

"मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस रे. मला आई हव्या आहेत. पण समजा त्यांनी बाळाला तिथे जमिनीवर ठेवलं, बाबांना दाखवायला म्हणून. आणि आपण घरी नाही."

मी पाणी न पिता परत आले. तिने समजा म्हटलं होतं. मी केलेलं होतं.

तोवर मला सगळ्यांचा राग आला होता, डॉक्टरबाईचा, सुनेचा, त्या चिमट्याचा. त्या रात्री पहिल्यांदा मला माझी भीती वाटली. पुण्याचा तो रिकामा फ्लॅट आठवला, तिथलं कुलूप, तिथली एकच ताट-वाटी. आणि ही पोर, जिची पाठ मी पुसली होती. मी स्वतःलाच विचारलं, अशा बाईवर तू तुझी नात सोपवशील का?  तेव्हा ठरवलं, बघायचं. ते असतील तर असतील आणि मी वेडी असेन तर तेही कळू दे.

बघायचं कसं, तर आमच्याकडे बघतात तसं. माणूस गेलं की त्या जागी तांदळाचं पीठ पसरतात, दिवा लावतात, वर टोपली झाकतात. दुसऱ्या दिवशी टोपली उचलून पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पक्ष्याचं पाऊल, गाईचं खूर, सापाची रेघ. पुढचा जन्म कळतो म्हणतात. यांच्या वेळेला पीठ कोरंच्या कोरं राहिलं होतं. सगळ्या नातेवाइकांनी मोक्ष मिळाला म्हणून समाधानाने मान डोलावली. मला मोक्ष नको होता, मला पाऊल हवं होतं.

बुधवारी सून बाळाला लस टोचायला घेऊन गेली. घरात मी एकटी. सव्वा वाजता खोली ओल्या फडक्याने पुसली, आणि वाळायच्या आत पिठाची चाळणी त्या जागेवर झाडून घेतली. पलंगावर पाय वर घेऊन बसले. खाली ती चालक नसलेली गाडी गेली. अजून एक गेली. ओल्या फरशीवर पीठ ओलं होऊन करडं पडलं होतं.

दीड वाजता काही नाही. पावणेदोनला काही नाही. दोन वाजत आले आणि करड्या पिठात एक पांढरी रेघ उमटायला लागली.

हाताने कुणी काढत नव्हतं. आपली आपण उमटत होती. भिंतीकडून निघाली, पलंगाच्या दिशेने आली, वळली, परत गेली, पुन्हा वळली. नागमोडी. मी पलंगावर उभी राहिले.  पस्तीस वर्षं ज्या माणसाला ताटात पोळी-भाजी वाढली तो साप झाला होता, आणि अकराव्या मजल्यावर, सातासमुद्रापार, माझ्या पलंगापाशी येऊन फिरत होता. मी हात जोडून म्हटलं, "अहो, चुकले. तेव्हा चहाला जायला नको होतं. पण असे नका येऊ. घरात बाळ आहे."

रेघ वळतच राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. उभं राहून पाय दुखायला लागले तेव्हा कुठे मी तिच्याकडे नीट बघितलं. दोन वळणांमधलं अंतर चार बोटं. पुढच्या दोनांमध्येही चार बोटं. त्याच्या पुढेही. साप गोधडीची शिवण घातल्यासारखा चालत नाही. हे मी कुठे बघितलं होतं? बघितलं होतं, रोज बघितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या बिऱ्हाडात. रॉकेल मिळेना म्हणून यांनी विजेची शेगडी आणली होती. मातीच्या थाळीत खाचा, आणि त्या खाचांतून अशीच वळणं घेत जाणारी तार. तापली की लाल व्हायची.

पलंगावर उभ्या उभ्या मी मोठ्याने म्हणाले, "अगं बाई, शेगडी!"

फोटो काढला. पहिल्या तिन्हींत माझा अंगठाच आला. चौथा मुलाला पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"आई, पीठ का सांडलंयस?"

"पीठ सोड. रेघ बघ."

 मग एकदम वेगळ्या आवाजात म्हणाला, "आई, त्या जागेवर पाय ठेवू नकोस. पाणी टाकू नकोस. मी निघालोच." एवढा हुशार मुलगा, पण अर्धा तास जमिनीला हात लावून बसला होता तो शनिवारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता इलेक्ट्रिशियन आले. साठीचे चिनी गृहस्थ, पांढरे केस, बूट दाराबाहेर काढून मोज्यांनी आत आले. मुलाने रजा घेतली होती. सून बाळाला घेऊन दारात, उंबऱ्याच्या अलीकडे. गृहस्थांनी आधी तो बोटभर उंचवटा बघितला आणि मान हलवली. मग भिंती चाचपत गेले आणि मुलाला म्हणाले, हे कपाट सरकवा. मोठं कपाट मुलाने इथे राहायला आल्या दिवशीच त्या भिंतीला लावलं होतं. सरकवलं. मागे भिंतीत तळहाताएवढा पांढरा चौकोन होता आणि त्यात हिरवे आकडे पेटलेले. पाच आठवडे ते कपाटामागच्या अंधारात जागे होते.

"आंटी," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "युवर फ्लोअर गॉट हीटर, लाह."

"सिंगापुरात?" मुलगा म्हणाला. "इथे कोण जमीन तापवतं?"

करतात कुणी कुणी, ते म्हणाले. थंड देशातून आलेले लोक. एसीही लावतात आणि जमीनही तापवतात. फरशीखाली तारेची जाळी असते, सतरंजीसारखी पसरायची. मुलाला मग आठवलं. घर दाखवणारा एजंट म्हणाला होता, आधीच्या मालकाने आपल्या म्हाताऱ्या आईला आणलं होतं, ती याच खोलीत असायची.

गृहस्थ पांढऱ्या पेटीपाशी गेले. एका खटक्याशेजारी परक्या लिपीत लिहिलेली चिठ्ठी होती. आम्ही त्यांच्याकडे आशेने बघितलं. हे चिनी नाही, त्यांनाही येत नव्हतं. मग विचारलं, हे सुरू कधी झालं? मी सांगितलं, वादळाच्या सोमवारी. आणि सांगता सांगता मुलाकडे बघितलं.

"तूच म्हणालास, सगळे वर कर."

"मला काय माहीत त्यातला एक बंदच ठेवलेला होता!"

मला आतून गुदगुल्या झाल्या, पण मी चेहरा गंभीर ठेवला.

भिंतीतल्या त्या यंत्राचं घड्याळ, ते म्हणाले, वीज नसताना बंद पडलेलं. मी त्या सोमवारी साडेसातला खटका वर केला तेव्हा त्याचा सोमवार सुरू झाला, मध्यरात्रीच्या ठोक्याला. म्हणून आपल्याकडे दुपारचा दीड म्हणजे त्याच्याकडे पहाटेचे सहा. सहा ते आठ, सोमवार ते शुक्रवार, असं त्याच्यात कुणीतरी भरून ठेवलेलं होतं. ती म्हातारी पहाटे सहाला उठत असणार. थंडीच्या देशात वाढलेले तिचे पाय उबदार जमिनीवर पडावेत म्हणून तिच्या मुलाने हे करून दिलं होतं. ती निघून गेली, किंवा गेली, आणि घर मात्र रोज तिची पहाट करत होतं, माझ्या दुपारी. पाच आठवडे मी दुसऱ्याच कुणाच्या आईच्या जागेवर बसून माझ्या नवऱ्याशी बोलत होते. हे कळल्यावर अंगावर जसा काटा आला तसा तो साप बघूनही आला नव्हता. शनिवार-रविवार ती कुठे जात असेल, हे मी अजूनही कधी कधी मनात घोळवते.

दीड वाजला. भिंतीतल्या चौकोनातून बारीक टक असा आवाज आला. इतके दिवस तो मी ऐकलाच नव्हता. थोड्या वेळाने गृहस्थांनी पिस्तुलासारखं एक यंत्र जमिनीवर रोखलं आणि आकडे वाचायला लागले. तेहतीस. छत्तीस. फरशीत एक छोटा सेन्सर पुरलेला असतो, ते म्हणाले, पुरेसं तापलं की तो तारेला थांबवतो. इथे तो तुटला आहे, म्हणून भिंतीतलं यंत्र आंधळं झालंय, नुसत्या घड्याळावर चालतंय. त्यांनी बंद करून तारा मीटरने तपासल्या, पुन्हा चालू करून बघितलं. तार धड होती, शॉक बसायचा नाही. अडीच वाजता यंत्र चव्वेचाळीस म्हणालं.

"बेबी कॅनॉट स्लीप हिअर," ते सुनेला म्हणाले. "टू हॉट."

सुनेने बाळाला आणखी जवळ घेतलं. मी त्याच क्षणी गप्प बसले असते तर सगळं माझ्या बाजूने होतं. मी शहाणी ठरले होते. डॉक्टरबाई चुकली होती, मुलगा चुकला होता. पण तोंड उघडलं.

"निजवलं होतं मी," मी म्हणाले. "एकदा. दहा मिनिटं. यांना दाखवायला. तू न्हायला गेली होतीस. दूध ओकली म्हणून तुला सांगितलं, ती ओकली नव्हती."

 गृहस्थांना मराठी कळत नव्हती, पण त्यांनी यंत्र खाली केलं. सून वळली आणि बाळाला घेऊन पुढच्या खोलीत गेली.

गृहस्थ पेटीकडे निघाले, खटका पाडायला. तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "टेन मिनिट्स, अंकल. प्लीज." त्याने सपाता काढल्या. मोजे काढले. आणि त्या जागेवर जाऊन आडवा झाला, उशी न घेता, डावा हात डोक्याखाली. बापाला शेवटचं बघायला त्याला मिळालं नव्हतं. तो विमानात होता. मी भिंतीला टेकून बसले. इलेक्ट्रिशियन खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि एलआरटी बघत राहिले. दहा मिनिटांची वीस झाली तरी वळले नाहीत. मग खटका पाडला, त्यावर लाल टेप चिकटवली, आणि चहाला नको म्हणून निघून गेले.

सून तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.  शुक्रवारी इन्फंट केअरमधून फोन आला हे मला कळलं, जागा झाली होती. मी माझी बॅग पलंगाखालून ओढून पुसून ठेवली. रागाने नाही. तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं, आणि मी ते जास्त वाईट शब्दांत केलं असतं.

सोमवारी सकाळी ती तयार होऊन माझ्या खोलीत आली. ऑफिसचे कपडे, केस बांधलेले. बाळ कडेवर. मला वाटलं निरोपाला आणलंय. तिने बाळ माझ्या मांडीत ठेवलं.

"दूध काढून फ्रीजमध्ये आहे. दहाला, मग एकला. झोपवायचं पाळण्यातच."

"पाळण्यातच," मी म्हणाले.

"जागा होती त्यांच्याकडे. मी नको म्हणून सांगितलं." ती घड्याळाचा पट्टा उगाच सारखा करत होती. "तुम्हाला सांगायची काही गरज नव्हती, आई, त्या दिवशी. कुणालाच कळलं नसतं. म्हणून."

मी बाळाचं दुपटं सारखं केलं. 

"एकच करा," ती दारात वळली. "काही वाटलं ना, गरम, गार, कुणी आल्यासारखं, काहीही, तर मला फोन करा. मी खरं का खोटं विचारणार नाही. पण आधी मला सांगा, मग बाबांना."

ती गेली. बाळ दहाला प्यायलं, एकला प्यायलं, पाळण्यात झोपलं. सव्वाला मी सवयीने केस विंचरले. मग माझ्या खोलीत जाऊन त्या जागेवर बसले, बाळाच्या श्वासाकडे कान ठेवून. दीड वाजला. पावणेदोन. दोन. हात लावून बघितला, इथे, इथे, इथेही.

फोन लावला. ती मीटिंगमध्ये असावी, मागे माणसांचे आवाज होते, मग दार लोटल्याचा आवाज आला आणि ते थांबले.

"बोला, आई."

"काही नाही गं. फरशी गार आहे."

 

"फार?" तिने विचारलं.

"फार."

"मी आज लवकर निघते," ती म्हणाली.